कोचीला आपलं कोण आहे?

"नको, समुद्राकडची खोली नको," शुभ्रा म्हणाली आणि माझी झोप गेली. शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीची, दुपार होती. शुक्रवारी जेवणं झाली की आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीखाली सगळे आडवे होतात. बाहेर मे महिना असा की गॅलरीच्या कठड्याला हात लावायची सोय नाही. शेजारी सुरेश भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मनात मी त्याला सुरेश म्हणते, तोंडावर अहो. वीस वर्षांत यात बदल झालेला नाही आणि आता होईलसं वाटतही नाही. शुभ्राचा आवाज आला तो कपाटामागून, भिंतीपलीकडच्या खोलीतून. ती खोली खरं तर आमच्या लेकीची, सृष्टीची. सुरेशच्या कंपनीनं पगार कापले तेव्हा आम्ही ती शेअरिंगमध्ये देऊन टाकली, निखिल आणि शुभ्रा या नागपूरच्या जोडप्याला, आणि सृष्टी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागली. त्यांचं एक कपाट स्वयंपाकघरात, फ्रिजमधले खालचे दोन कप्पे त्यांचे, गॅसवर सकाळी आधी मी मग ती. सगळं ठरवून घेतलं होतं. भिंतीचं काही ठरवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंड होतं.

"अगं, पण फोर्ट कोचीला जाऊन समुद्र नाही बघायचा?" निखिल म्हणत होता. "बघायचा ना. खोलीतून नको. खाली मासे धरायची जाळी आहेत, रिव्ह्यूमध्ये लिहिलंय, पहाटे वास येतो. आणि समुद्र असला की तू नुसता समुद्रच बघत बसशील." "मग काय बघू?" निखिलनं विचारलं, आणि ती हसली. मोठ्यानं नाही. गुदगुल्या झाल्यावर लहान मूल उशीत तोंड खुपसून हसतं तशी. मी छताकडे बघत पडले होते. आधी वाटलं, झोपमोड झाली म्हणून राग आलाय. मग कळलं की राग नाही. मला हेवा वाटत होता. सरळ सांगते, पोटात आम्लपित्तासारखं जळजळलं. कोचीचा नाही, हॉटेलचा नाही. "तू नुसता समुद्रच बघत बसशील" हे जे ती म्हणाली, त्याचा.

त्यांची गोष्ट मला ठाऊक होती. दोन हजार आठच्या हिवाळ्यात लग्न झालं, फोर्ट कोचीचे पाच दिवस ठरले होते, आणि हळदीच्या दिवशी निखिलच्या कंपनीचा फोन आला की ताबडतोब रुजू व्हा, नाहीतर येऊच नका. तेव्हा मंदीत दुबईतल्या नोकऱ्या उन्हाळ्यातल्या टाकीसारख्या आटत होत्या. कर्ज बुडवून पळालेल्यांनी विमानतळाबाहेर सोडलेल्या, धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. कोची राहिलं ते राहिलंच. आता दीड वर्ष होऊन गेलं, रजा नाही, निखिलची नोकरी आज आहे तर उद्या नाही, आणि ही दोघं दर शुक्रवारी लॅपटॉप मध्ये ठेवून हॉटेल निवडत होती. जायचंच नाही त्या गावातलं. मला आधी हा वेडेपणा वाटला. मग पुढच्या शुक्रवारी मी भांडी तशीच सिंकमध्ये टाकून लवकर आडवी झाले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, मी कान लावले.

हॉटेलं तीन होती. समुद्राकडचं पहिल्याच खेपेला बाद झालं असं मला वाटलं होतं, पण निखिल ते अधूनमधून परत काढायचा, शुभ्राला चिडवायला. दुसऱ्यात बाथटब होता. "एका रात्रीचे चारशे दिरम, म्हणजे बघ, पाच हजार रुपये, एका टबासाठी!" "टबासाठी नाही रे, टबात बसून पाऊस दिसतो त्यासाठी." तिसरं म्हणजे जुनी डच काळातली मसाल्याची वखार होती, मध्ये अंगण, अंगणात देशी बदामाचं झाड, चारी बाजूंनी खोल्या. निखिलनं एकदा त्याचं वर्णन मोठ्यानं वाचलं. लाकडी जिना, लाल फरशी, पावसाचं पाणी कौलांवरून अंगणात पडतं, आणि म्हणे पावसाळी हवेत अजून भिंतींना मिऱ्यांचा वास येतो. मी डोळे मिटले आणि मला तो वास आला. त्या दिवसापासून मी अंगणाच्या बाजूची झाले. शुभ्रानं "मच्छर असतील" म्हटलं तेव्हा मला तिचा असा संताप आला की कपाटावर मूठ आपटावी. काय कळतं या पोरीला! संध्याकाळी स्वयंपाकघरात ती माझ्याशेजारी कांदा चिरायला उभी राहिली तर मी तिच्याशी धड बोलले नाही. ती म्हणाली, "काकू, बरं वाटत नाहीये का?" काकू! मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

हॉटेलात आम्ही एकदाच राहिलो. दुबईत पहिल्यांदा आलो तेव्हा कंपनीनं देरा भागातल्या एका हॉटेलात आठवडाभर ठेवलं होतं. आत शिरल्या शिरल्या सुरेश म्हणाला, "फ्रिजमधल्या कशाला हात लावू नकोस, बिल लागतं." मी हात लावला नाही. आठवडाभर तो फ्रिज त्याच्या बाटल्या आणि चॉकलेटांसकट कोपऱ्यात गुरगुरत होता आणि मी नळाचं पाणी उकळायला किटली शोधत होते. त्याआधी लग्नानंतर आम्ही कुठे गेलो असू, तर नरसोबाच्या वाडीला. मॅटॅडोर भरून सासरची माणसं, आणि धर्मशाळेत बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. सुरेश पहाटे नदीवरून ओल्या धोतरात येताना दिसला, तेवढंच. आणि मग ही वार्षिक रजा. गल्फमधल्या माणसाची रजा म्हणजे रजा नसते, वाटप असतं. सांगलीला उतरलं की बॅगा उघडायच्या. बदाम हिला, सेंट त्याला, टायगर बाम सासूबाईंना, टँगचा डबा शेजारच्यांना, आणि जो राहील त्याचं तोंड पुढल्या वर्षापर्यंत फुगलेलं. मग दातांचा डॉक्टर, ब्लाउज शिवायला टाकणं, दोन मुंजी, एक बारसं, आणि प्रत्येक घरी पोहे. महिना संपतो. परतीच्या विमानात आम्ही दोघं असे बसतो, जसे पाहुणे उठून गेल्यावर यजमान. आम्हाला कधी वाटलं नाही की रजा आमची असू शकते. घर असताना हॉटेलात पैसे घालणारी माणसं वेगळी, आपण वेगळे. जगायचं ते परत गेल्यावर, इथे नुसतं साठवायचं. ही चूक आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी केली आहे, त्यामुळे ती चूक म्हणून कुणाला दिसत नाही.

मी एकदा विचारून बघितलं. जुलैच्या रजेची खरेदी करायला आम्ही शारजाला रोल्लाच्या बाजारात गेलो होतो, सृष्टी मागच्या सीटवर. नूरुद्दीनभाई रत्नागिरीचे, सुकामेव्याचं त्यांचं दुकान आम्ही आलो तेव्हापासून आमचं ठरलेलं. ते बदाम तोलत होते आणि सुरेश मोबाइलवर भावाला विचारत होता की पिस्ते खारे हवेत की साधे. मी म्हटलं, "अहो, या खेपेला सांगलीच्या आधी कुठे जाऊ या का? कोचीला वगैरे."

"कोचीला?" सुरेशनं फोनवर हात ठेवला. "कोचीला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

नूरुद्दीनभाई हसले. "वयनी, कोची झकास हाय. पन तुमच्या सांगलीवाल्यांचे बदाम कोन पोचवनार? यल्ला, चला, अजून किती करू, दोन किलो?" "तीन करा," सुरेश म्हणाला. सृष्टी म्हणाली, "कॅन वी गो नाऊ? इट्स सो हॉट." गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता तो विचारेल, कोचीच का? वीस वर्षांत तू कधी गावाचं नाव घेतलं नाहीस, आज कोचीच का? तो सिग्नलला म्हणाला, "खारे पिस्तेच घ्यायला हवे होते." मला त्याच्यापेक्षा जास्त शुभ्राचा राग आला. तिचा नवरा समुद्राचं नाव काढतो आणि माझा पिस्त्यांचं, यात तिचा काय दोष, पण राग काय दोष बघून येतो का?

सुरेश वाईट माणूस नाही. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण माझ्या बोलण्यावरून तसं वाटेल. त्याचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये. ज्या टॉवरचं काम तो बघत होता तो अर्ध्यात थांबला, क्रेन तशीच वर टांगलेली. तरी तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जातो, दिवसभर बसतो आणि येतो. काय करतो विचारलं तर म्हणतो, "काही नाही, बसतो." घरी आला की टीव्ही, मग जेवण, मग "झोपू या." मी पूर्वी खूप बोलायचे. शब्द टाकून बघायचे, एखादा तरी परत येईल म्हणून. हळूहळू माणूस शिकतो. गेल्या दीड वर्षात तर आमच्या घरात बोलणारी माणसं भिंतीपलीकडेच राहत होती.

घात माझ्याच जिभेनं केला. बुधवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि शुभ्रा चहा गाळत होती. ती खुशीत होती. म्हणाली, "काकू, आमचं एकदाचं ठरलं हं. कोचीचं हॉटेल. जाऊ तेव्हा जाऊ, पण ठरलं." आणि मी पोळीवरची नजर न काढता म्हटलं, "बाथटबवालं नको हं घेऊस. अंगणाचं घे. बदामाचं झाड आहे ते."

गाळणं कपावर तसंच राहिलं. चहा कपाबाहेर सांडला. "काकू, तुम्हाला कसं माहीत?"

एका क्षणात माणसाला काय काय सुचतं! मी म्हटलं, "अगं, निखिल म्हणत होता परवा."

"निखिल? तुमच्याशी?"

"हो. लिफ्टमध्ये."

आणि तिचा चेहरा पडला. मला तो चेहरा चांगला ओळखता आला. पोटातली ती जळजळ दुसऱ्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा बघत होते. तिचं कोची निखिलनं लिफ्टमध्ये एका काकूला दिलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. माझी ती पोळी अशी टम्म फुगली की बस. पण हे सुख संध्याकाळपर्यंतच टिकलं. निखिल आला, दार लागलं, आणि कपाटामागून ऐकू आलं, "तू काकूंना लिफ्टमध्ये सांगितलंस?" "काय सांगितलं?" "आपलं हॉटेल." "मी? कधी? मी त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोललोच नाही." मी घडी घातलेले कपडे हातात घेऊन कपाटासमोर उभी होते, आणि कपाटाच्या पलीकडे ती दोघं, माझी खात्री आहे, याच भिंतीकडे बघत उभी होती. मग कुणीतरी गाणी लावली.

त्यानंतर ती गाणीच ऐकू येत राहिली. स्वयंपाकघरात शुभ्रा मला पहिल्यासारखीच काकू म्हणायची, थोडं जास्तच गोड, आणि चहा घेऊन लगेच खोलीत जायची. शुक्रवार आला. मी आडवी झाले. पलीकडे गाणी, त्यामागे काहीतरी पुटपुट, एकही शब्द फुटत नव्हता. मला रडू यायला लागलं. दुसऱ्याच्या ताटातलं बघून बघून पोट भरत होते, ते ताटही कुणी उचललं. आता काय ऐकायचं? एसीचं घरघरणं?

"आज काही ठरवत नाहीयेत वाटतं," सुरेश म्हणाला.

मला वाटलं तो झोपेत बोलला. तो तसाच पडला होता, भिंतीकडे तोंड, पाठ माझ्याकडे. "कोण?"

"तीच दोघं. बाथटबवर अडलं होतं ना."

"तुम्ही जागे असता?"

"मग? इतक्या बडबडीत झोप लागते का?"

"कधीपासून ऐकताय?"

"ती आल्यापासून," सुरेश म्हणाला. म्हणजे माझ्याआधीपासून. एका पलंगावर आम्ही दोघं, डोळे मिटून, एकाच भिंतीला कान लावून, आणि एकमेकांना वाटतंय दुसरा झोपलाय. याचं हसू यायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच आलं: हा कुणाचं ऐकत होता? मी निखिलचं ऐकत होते, हे मला आत्ता, या क्षणी कळलं. तो प्रश्न विचारायचा आणि मी मनात उत्तरं द्यायचे. मग याच्या कानात इतके महिने कोण होतं? माझं बोलणं याला टीव्हीच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही, आणि भिंतीपलीकडच्या पोरीचं शब्दन् शब्द पाठ!

"शुभ्राचं चुकतंय," तो म्हणाला. चक्क नाव घेऊन, शुभ्रा म्हणाला. मला तो कित्येक वर्षं अगं म्हणतो, माझं नाव प्रमिला आहे हे त्याच्या तोंडून मी शेवटचं व्हिसाच्या खिडकीवर ऐकलं. "बाथटबवालं हॉटेल भर रस्त्यावर आहे. मी बघितलं ना ऑफिसात. तिन्ही बघितली. काम काय असतं हल्ली? सगळे फोटो बघितले, नकाशा बघितला. रिक्षांचा आवाज येणार तिथे."

"मग तुम्ही कुठलं घ्याल?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक लागला. एवढ्या वर्षांत मी त्याला इतकं भीत भीत काही विचारलं नव्हतं.

"अंगणाचं."

"खरंच?"

"हो. पण वरची खोली नको. वरच्या खोल्यांना जिना चढायचा, आणि कौलं तापतात. खालची, कोपऱ्यातली. दार उघडलं की अंगण." तो बोलत सुटला. मी त्याला असं बोलताना ऐकलंच नव्हतं, की पूर्वी ऐकलं होतं आणि विसरले होते? त्या खोलीला दोन पायऱ्या आहेत. पायऱ्या जुन्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. पलंगाला मच्छरदाणी आहे, म्हणजे शुभ्राची तीही तक्रार मिटली. नाश्त्याला अप्पम देतात. समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, संध्याकाळी जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. "सकाळी तू चहा घेऊन पायरीवर बस," तो म्हणाला. तू. मी हललेही नाही. हललं तर थांबेल असं वाटलं. "घाई नाही कसली. कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. न्हाऊन आलीस की तिथेच झाडाखाली केस वाळवत बसायचं. ऊन थेट येत नाही तिथे, पण वारा आहे."

केस. शुभ्राचे केस कमरेपर्यंत आहेत. बाथरूमच्या जाळीत अडकतात, मीच काढते. न्हाल्यावर ती ते सोडून गॅलरीत उभी राहते, आणि गॅलरी हॉलमधून दिसते, आणि सुट्टीच्या सकाळी हॉलमध्ये सुरेश पेपर घेऊन बसलेला असतो. सगळं कसं नीट जुळलं. म्हणजे हा एवढा वेळ तिला घेऊन हिंडत होता कोचीभर, आणि मी मूर्खासारखी तू म्हणाला म्हणून हुरळले. "कुणाचे केस?" मी विचारलं.

"म्हणजे? तुझे."

"माझे?"

"मग काय माझे?" तो म्हणाला, आणि चक्क हसला, डोळे मिटलेलेच.

माझा हात मानेकडे गेला. दोन हजार आठच्या डिसेंबरात मी केस कापले. इथल्या पाण्यानं सगळ्याच बायकांचे केस जातात, माझे एवढे लांब केस मुठीनं येत होते, शेवटी एका सकाळी जाऊन कानाच्या खालपर्यंत करून टाकले. सृष्टी शाळेतून आल्यावर म्हणाली, "मम्मा, यू लुक लाइक माय मॅथ्स टीचर." संध्याकाळी मी दार उघडायला स्वतः गेले. सुरेश आत आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "साइट बंद केली. दोनशे माणसं घरी पाठवताहेत." मग त्या रात्री केसांची गोष्ट कोण काढणार? दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढच्या आठवड्यातही. मी धरून चालले की त्यानं बघितलंय, आवडलं नाही म्हणून बोलत नाही. मी त्यावरून मनात त्याच्याशी भांडून, रुसून, त्याला माफसुद्धा करून टाकलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "इकडे वळा. माझ्याकडे बघा."

तो वळला. डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, नीट, पत्ता शोधणाऱ्या माणसासारखं. त्याची नजर कानाशी आली, मानेवर आली, मग उशीवर गेली, उशीच्या मागे गेली. तिथे काही नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी ओशाळं पसरत गेलं, आणि मला कळलं की शुभ्रा असती तर बरं झालं असतं. शुभ्राशी भांडता आलं असतं, तिला खोली सोडायला सांगता आलं असतं. ही जी लांब केसांची बाई दीड वर्ष याच्या शेजारी झोपत होती, याच्याबरोबर कोचीला जाऊन कोपऱ्यातली खोली बघून आली होती, जिला हा चहा घेऊन पायरीवर बस म्हणत होता, तिला मी कुठे जा म्हणून सांगणार? तिचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"कधी कापलेस?" सुरेशनं विचारलं.

त्याचा आवाज घाबरलेला होता. साइट बंद झाली ते सांगतानाही इतका नव्हता.

"परवा," मी म्हटलं.

"असं होय," तो म्हणाला. त्यानं सुस्कारा सोडला आणि पुन्हा डोळे मिटले. "मग जुलैपर्यंत वाढतील."